गाडी कोणत्या सालात परत न्यायची? कराडच्या एका जीपचा जमाखर्च

मेथडॉलॉजीच्या पेपरात 'प्राथमिक साधने' असा प्रश्न आला की आपण ठरलेली यादी लिहितो. मोडी दफ्तरं, गॅझेटिअर, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रं, मुलाखती. पेट किंवा सेटपुरतं हे चालून जातं. सिनॉप्सिस लिहायला बसलं की मात्र वेगळाच प्रश्न समोर येतो: माझ्या विषयाची दफ्तरं कुणी ठेवलीच नसतील तर?

माझा विषय सातारा-सांगली भागातल्या यंत्रांच्या वापराचा इतिहास, साधारण १९५० नंतरचा. यंत्रं बनवणाऱ्यांबद्दल आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिलं गेलंय. १९१० ची किर्लोस्करवाडी आहे, ओगलेवाडीचा काच कारखाना आणि त्याचा प्रभाकर कंदील आहे. पण यंत्र एकदा गिऱ्हाइकाच्या दारात गेलं की कागद संपतात. पुढची तीस-चाळीस वर्षं ते कुणी चालवलं, किती वेळा खोललं, त्यात कुणाचे किती पैसे गेले, हे कुठल्याच सरकारी कपाटात सापडत नाही. ते सापडतं घरात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिका आणि वीजबिलांच्या मध्ये.

या लेखात अशा एका कागदाबद्दल सांगते. कराडमध्ये एका गृहस्थांनी (मी त्यांना काका म्हणते, लेखातही तेच म्हणेन) घराच्या मागच्या शेडमध्ये स्वतःची जुनी जीप पुन्हा उभी केली आणि त्याचा पै-पैचा हिशेब एका लाँगबुकात लिहून ठेवला. सप्टेंबर २०१९ ते मे २०२३. एकूण २९१ नोंदी. त्याच पेटीत त्यांच्या वडिलांच्या १९८० च्या दशकातल्या खिशातल्या डायऱ्याही निघाल्या. नाव, गाव, गाडीचा नंबर छापायचा नाही या अटीवर मला दोन्ही वाचायला मिळालं. वही हातात देताना काका म्हणाले, "ह्यात कसला आलाय गं इतिहास? भंगाराचा हिशेब हाय त्यो."

जुनी गाडी घरी खोलून पुन्हा बांधायची आणि प्रत्येक बोल्टचा खर्च लिहायचा, हा छंद मुळात अमेरिकन म्हणून ओळखला जातो. तिथे त्याचं दैवत म्हणजे 'मसल कार'. १९६४ मध्ये पाँटिॲक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत सहा लिटरहून मोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवून जीटीओ काढली, तिथपासून ही लाट धरतात. आज तिकडे अशा गाडीची किंमत ठरते ती 'मॅचिंग नंबर्स'वर. म्हणजे चासीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर कारखान्यातून निघताना जसे जोडीने निघाले तसेच आजही आहेत का? असतील तर सोनं. इंजिन मधे कधी बदललेलं असेल तर भाव पडला.

आपल्याकडे त्या जातीच्या गाड्या जवळपास आल्याच नाहीत, पण त्यांचे थोरले भाऊ आले होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे डॉज आणि प्लिमथ याच नावांनी अमेरिकेत मसल कार गाजल्या. इथे मात्र परकीय चलनाची टंचाई, आयातीवरची बंधनं आणि पेट्रोलचा खर्च यांनी तो रस्ता बंद केला. कुर्ल्याहून पुढे फियाट आली, तिचीच पद्मिनी झाली. कराडसारख्या तालुक्याच्या गावी 'दणकट गाडी' म्हणजे जीप, हे समीकरण त्यामुळेच पक्कं झालं. साखर कारखान्याच्या चेअरमनची जीप, मामलेदाराची जीप, निवडणुकीत कर्णा बांधलेली जीप आणि नंतर माणसं कोंबून धावणारी वडाप जीप. वडाप हा शब्द पुण्याच्या पुढे समजावून सांगावा लागतो, आमच्याकडे लागत नाही.

जीपचा इतिहास थोडक्यात घेऊ, कारण वही वाचताना तो लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर जगभर त्यांचे ढीग उरले आणि 'जुनी जीप नीट करून वापरायची' हा धंदा तिथेच सुरू झाला. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाही याच धंद्यातला, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. १९४८ मध्ये, काश्मीरची लढाई चालू असताना, लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत लष्करासाठी २,००० रिकंडिशन केलेल्या जीपची ऑर्डर दिली गेली. त्यातल्या १५५ पोचल्या आणि त्या चालवण्याच्या लायकीच्या नाहीत म्हणून लष्कराने नाकारल्या. संसदेत बराच गदारोळ झाला, १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. पुढे १९६२ च्या चीन युद्धानंतर मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी कराडचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हा दुवा निव्वळ योगायोगाचा आहे, त्यावर थिसिसचा चॅप्टर उभा करू नका. पण 'रिकंडिशन' या शब्दावर कुणी विश्वास ठेवायचा आणि तपासायचं कुणी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

इकडे १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीने (फाळणीनंतर ती महिंद्रा अँड महिंद्रा झाली) विलिस कंपनीच्या जीप सुट्या भागांत आणून माझगावला जोडायला सुरुवात केली. काकांची गाडी त्यातल्याच सीजे-३बी या मॉडेलची, पहिलं रजिस्ट्रेशन १९६६ चं. हिचं बोनेट आधीच्या जीपपेक्षा उंच असतं. कारण साधं आहे: आत बसवलेलं 'हरिकेन' पेट्रोल इंजिन उंच होतं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. सुमारे २.२ लिटर, चार सिलिंडर. जीटीओच्या निम्म्याहूनही बरंच कमी.

आता वही.

पहिली नोंद गाडीची नाहीच. 'गाळ काढणे, मजूर २, रु. ८००.' तारीख सप्टेंबर २०१९. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवत असेल. कृष्णा-कोयनेचं पाणी शेडमध्ये शिरलं आणि वर्षानुवर्षं बंद उभी असलेली जीप दोन दिवस बोनेटपर्यंत पाण्यात होती. तोवर ती विकायची की ठेवायची याची घरात चर्चाच चालू होती. पुराने निर्णय करून टाकला: आता खोलली नाही तर गंजून जाणार. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी आधी 'हौशी वर्गाचा उदय' वगैरे मोठं प्रकरण योजलं होतं. इथे छंदाचं मूळ गाळात निघालं.

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यानंतर नोंदी थांबतात, थेट जुलैत सुरू होतात आणि मग एकदम दाट होतात. लॉकडाऊनबद्दल वहीत एक शब्द नाही. कोऱ्या जागेवरूनच ते कळतं. म्हणून हिशेबाच्या वहीच्या तारखांचा आधी एक साधा तक्ता करा, महिन्याला किती नोंदी एवढाच. मजकूर वाचायच्या आधी वहीची नाडी कळते.

इंजिन सोडून एकूण खर्च २,१८,३५० रुपये. पत्र्याच्या कामाला ४६,५००, रंगाला ३८,०००, पाच टायरना ३१,५००, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला २७,४०० असे मोठे आकडे आहेत आणि कुणीही विचारलं की काका तेच सांगतात. मला जास्त रस किरकोळ नोंदींत होता. बुश, ऑइल सील, नटबोल्ट, पाट्याच्या पिना, केरोसीन, पॉलिश पेपर, चहा. अशा २१४ नोंदी आहेत, म्हणजे चारातल्या जवळपास तीन, आणि त्यांची बेरीज फक्त २३,६५०. पैशाच्या दृष्टीने नगण्य. पण कुठला भाग कुठून आला हे फक्त त्याच सांगतात. रबरी बुश कराडात कोल्हापूर नाक्याजवळ मिळाले. एक गिअर कुठेच मिळेना, तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून करून घेतला. हेडलाइटची रिंग भंगारात, वजनावर. या नोंदी नकाशावर मांडल्या तर एक जुनी गाडी जिवंत ठेवायला किती मोठा प्रदेश राबतो ते दिसतं. मोठ्या आकड्यांचा नकाशा काढला असता तर चारच ठिपके पडले असते.

आणि वहीत काय नाही? पत्र्याच्या ४६,५०० मध्ये पत्रा फक्त १२,३०० चा, बाकी ३४,२०० मजुरी. म्हणजे मेस्त्रीच्या मजुरीची किंमत काकांना नीट माहीत आहे. पण स्वतःचे साडेतीन वर्षांतले रविवार त्यांनी कुठेच लावलेले नाहीत. हूडचं कॅनव्हास आणि सीटचं रेक्झिन खरेदीला आहे, शिलाई नाही. मी विचारलं तर काकूच आतून म्हणाल्या, "शिलाई कोण देतंय? मशीन घरची, पाय माझे." मेव्हण्याच्या लेथवर झालेलं कामही नाही, त्याच्या बदल्यात दोन पोती इंद्रायणी गेली होती आणि ती धान्याच्या हिशेबात. तेव्हा '२,१८,३५० रुपयांत जीप उभी राहिली' हे वाक्य तुम्ही तसंच्या तसं थिसिसमध्ये टाकलंत तर ते खोटं ठरेल. खर्चाची वही म्हणजे घराबाहेर गेलेल्या पैशाची वही. घरातल्या घरात फिरलेलं श्रम आणि धान्य शोधायला मुलाखतच लागते, आणि ती एकट्या मालकाची घेऊन भागत नाही.

आता वडिलांच्या डायऱ्या. १९८६ ची डायरी मी सर्वांत जास्त वेळ वाचली, कारण त्या वर्षी गाडीचं हृदय बदललं. पेट्रोल इंजिन काढून सेकंडहँड डिझेल बसवलं. आरसी बुकात त्याची रीतसर नोंद आहे, तेव्हाच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं, आणि डिझेल त्याच्या मानाने बरंच स्वस्त राहिलं. जीपमध्ये डिझेल बसवणं ही पुढच्या दशकात नेहमीची गोष्ट झाली. यात शेतीच्या भागाला एक खास सोय होती. महिंद्राने १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला घेतले होते आणि जीपमध्ये बसणारं एमडी २३५० हे डिझेल इंजिन त्या ट्रॅक्टरच्याच कुळातलं. ट्रॅक्टर खोलणारा मेस्त्री तेच हात घेऊन जीप खोलू शकत होता, पार्टही तिथलेच. काकांच्या गाडीत हेच इंजिन आहे.

डायरीत या बदलाचा एकूण खर्च २१,७०० रुपये आहे. आजच्या कानाला हे स्वस्त वाटतं. इथे रुपयाला रुपया लावू नका. महागाई निर्देशांकाने आकडा फुगवता येतो, पण तो देशभराच्या टोपलीचा हिशेब, त्यात कराडचा मेस्त्री कुठे आहे? मी वहीतलीच मोजपट्टी घेतली. १९८६ च्या डायरीत मेस्त्रीची दिवसाची मजुरी ३५ रुपये. म्हणजे २१,७०० रुपये म्हणजे ६२० दिवसांची मजुरी! २०२२ मध्ये मेस्त्रीची मजुरी ९०० आहे. त्या हिशेबाने आज ती रक्कम साडेपाच लाखांच्या वर जाते. दहा-बारा एकरवाल्या माणसाने उसाचे एवढे पैसे जीपच्या इंजिनात का घालावेत?

'डिझेल स्वस्त म्हणून' हे उत्तर काकांनी पहिल्याच भेटीत दिलं होतं. डायरी वेगळंच सांगते. जानेवारी ते जून १९८६ पेट्रोलचा खर्च महिन्याला सरासरी ४१०. इंजिन बदलल्यानंतर दिवाळीपासून डिझेलचा खर्च महिन्याला सरासरी १,१५०. इंधन स्वस्त झालं आणि इंधनाचा खर्च जवळपास तिप्पट! म्हणजे गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी पट जास्त पळत होती. कुठे? डायरीच्या जमेच्या बाजूला काहीच नाही. फक्त तारखांपुढे बारीक टिंबं आहेत, कधी दोन, कधी चार, बाजाराच्या दिवशी सात-आठ. मी त्या टिंबांचा महिनावार तक्ता करून काकांपुढे ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि हसून म्हणाले, "म्हाताऱ्यानं खेपा लिवल्यात की!" गाडी वडाप करत होती. परमिट नव्हतं, म्हणून जमा लिहायची नाही असा दंडक. पण हिशेबी माणसाला खेपा मोजल्याशिवाय चैन पडलं नसणार. (मार्ग मी इथे लिहीत नाही, ओळख पटेल.)

इगॉर कोपीटॉफ या मानववंशशास्त्रज्ञाचा 'वस्तूंचं चरित्र' या कल्पनेवरचा १९८६ चा निबंध तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या पुस्तकात तो आहे. त्यात आफ्रिकेतल्या मोटारीचं उदाहरण येतं: ती कशी मिळवली, पैसे कुणाकडून गोळा केले, कोण वापरतं, कोणता मेकॅनिक, पुढे कुणाच्या हाती गेली, एवढं विचारलं तरी एक समाज उलगडतो. मी ते वाचलं तेव्हा थोडं दूरचं वाटलं होतं. टिंबांचा तक्ता केल्यावर वाटेनासं झालं.

गाडीबद्दल घरात सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट आहे: ही 'कोयनेवरची जीप'. म्हणजे कोयना धरणाच्या कामावर होती आणि नंतर लिलावात निघाली. आरसी बुकात पहिला मालक एक खाजगी माणूस दिसतो, सरकारी खातं नाही. गंमत अशी की या भागात मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या जीप कोयनेवरच्याच असल्याचं त्यांचे मालक सांगतात. अशा वेळी 'माहिती चुकीची' म्हणून खोडून पुढे जायचा मोह होतो. इटालियन मौखिक इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी गावातल्या एका कामगाराच्या मृत्यूचा अभ्यास केला. तो मृत्यू १९४९ चा, पण गावातले लोक तो १९५३ मध्ये झाला असं सांगत. पोर्तेल्लींनी चूक दुरुस्त केलीच, आणि लोकांना ती तारीख का हलवावीशी वाटली हे विचारलं. आमच्याकडेही तेच विचारायला हवं. पाटण-कराड पट्ट्याच्या आठवणीत यंत्रं पहिल्यांदा एवढ्या संख्येने आली ती १९५० आणि ६० च्या दशकांत, कोयनेच्या कामावर. नंतर १९६७ च्या डिसेंबरचा भूकंप. गाडीला कोयनेची म्हटलं की ती या मोठ्या गोष्टीत बसते. एखाद्या सावकाराच्या दारातली म्हटलं की नुसती जुनी गाडी राहते.

वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आहेत: 'पेट्रोल' आणि 'आहे तसं'. हा खरा पेच होता आणि त्यात पैसाही अडकलेला होता. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात असेल, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती वगैरेपुरतीच रस्त्यावर आणायची. काकांच्या गाडीचं वय बसतं, इंजिन बसत नाही. पुण्याच्या एका विकणाऱ्याने जुनं हरिकेन इंजिन ९५,००० ला सांगितलं, ते उघडून बोअर-पिस्टन करायला आणखी ६०,०००. म्हणजे दीड लाखावर पाच हजार. ते बसवलं तर कागदोपत्री मूळ रूपाचा दावा तरी करता येईल आणि विकायची वेळ आली तर हौशी गिऱ्हाईक जास्त मोजेल, असा त्यांच्या मुलाचा हिशेब.

म्हणजे ३६ वर्षं पुसण्यासाठी १,५५,००० रुपये. मला हे असं दिसत होतं. १९६६ ची गाडी हवी असेल तर १९८६ ची गाडी मोडावी लागते आणि कराडच्या दृष्टीने दुसरीच जास्त बोलते. पहिली माझगावहून निघालेल्या हजारोंसारखी एक. दुसरीत तेलसंकट आहे, ट्रॅक्टरचा मेस्त्री आहे, उसाचा पैसा आहे, एसटी न पोचणारी गावं आहेत आणि न लिहिलेली जमा आहे. अमेरिकेतल्या 'मॅचिंग नंबर्स'च्या नजरेने बघितलं तर हा सगळा इतिहास म्हणजे एक दोष ठरतो.

पाठचिकित्सेत हा प्रश्न जुना आहे. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं आणि ते पूर्ण झालं १९६६ मध्ये, म्हणजे नेमकं या जीपच्या जन्मसालात. हस्तलिखितं ताडून शक्य तितका जुना पाठ वर घेतला, पण नंतरच्या भरी फेकून दिल्या नाहीत. त्या तळटीपांत आणि परिशिष्टांत आहेत. गाडी जुन्या रूपात नेताना तळटीपेची सोय नसते. काढलेलं इंजिन भंगारात जातं, खरवडलेला रंग झाडूने गोळा होतो. तळटीप लिहायची तर ती वहीतच. 'काय घातलं' हे काकांनी बारकाईने लिहिलंय, 'काय काढलं' हे जवळपास नाहीच. मी त्यांच्या मदतीने आठवून आठवून काढलेल्या भागांची एक वेगळी यादी केली, ४३ वस्तूंची. त्यातल्या ११ शेडमध्येच सापडल्या, बाकी गेल्या. तुम्ही अशा कामाच्या मधे पोचलात तर सर्वांत आधी भंगाराचं पोतं बघा. बसवलेले भाग कुठे जात नाहीत.

काकांनी मला सरळ विचारलं, "तू शिकलेली हायस, इतिहासाच्या हिशेबानं सांग. डिझेल काढू का ठेवू?" संशोधकाने अशा ठिकाणी मत द्यावं का, यावर गाईडशी माझा बराच वाद झाला. गप्प बसावं असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. त्यांनी दोन वर्षं मला पेटी उघडून दिली होती आणि त्यांना एक उत्तर हवं होतं. मी सांगितलं: ठेवा, आणि का ते टिंबांच्या तक्त्यावरून दाखवलं. सोबत हेही सांगितलं की माझा फायदा डिझेल राहण्यात आहे, माझं प्रकरण त्यावर उभं आहे, तेव्हा माझं मत तेवढं धरून मोजा. त्यांनी मान डोलावली आणि दोन महिने काहीच बोलले नाहीत.

शेवटी डिझेल राहिलं, पण माझ्या कारणाने नाही. "नंबर लावून काय करू? रॅलीलाच न्यायची का? शेताव कशी जायाची मग?" एवढंच. मुलगा थोडा नाराज आहे. 'पेट्रोल' हा रकाना काकांनी पट्टी धरून एका रेघेने खोडला. खोडलेले आकडे अजून वाचता येतात, मी त्या पानाचा फोटो घेतलाय.

रंगाच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. मी पोचायच्या आधीच बॉडी पार पत्र्यापर्यंत घासून झाली होती. सीटखालच्या टूलबॉक्सच्या आतली एक बाजू तेवढी राहिली होती, तळहाताएवढी. तिथे चार थर मोजता येतात: वर क्रीम, त्याखाली आकाशी, मग गडद हिरवा, तळाला राखाडी प्रायमर. वडापच्या दिवसांतला आकाशी असावा असं काकूंना आठवतं, लग्नाच्या फोटोत मागे तीच गाडी उभी आहे, पण फोटो काळा-पांढरा. तेवढा तुकडा रंगवू नका अशी विनंती मी केली. रंगारी वैतागला, काकांनी ऐकलं. मे २०२३ मधली नोंद अशी आहे: 'टूलबॉक्स आतून, क्लिअर लॅकर, ताईच्या रिसर्चसाठी, रु. १८०.'